कोड ब्लूच्या वेळी कोण काय बोलतं? वॉर्ड-आयसीयूत काम करणाऱ्यांनी लिहा

रातपाळी | ४ जुलै, रात्री ११:४०

नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे. शंभर-सव्वाशे खाटांच्या एका रुग्णालयात १७ वर्षं काम करते, आयसीयूही बघते. गेल्या आठवड्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढते आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

रात्री पावणेदोनला माइकवरून कोड ब्लू (पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबला, धावत या अशी हाक), तिसरा मजला. मी जिना चढून पोचले तेव्हा खाटेभोवती नऊ माणसं होती. आरएमओ (निवासी डॉक्टर) छाती दाबत होता. मेडिसिनचे सर उशाशी वाकून श्वासनलिकेत ट्यूब टाकत होते. दोन सिस्टर दोन हातांवर व्हेन शोधत होत्या, तिसरी ट्रॉलीचे खण उघडत होती. वॉर्डबॉय मामा सक्शन मशीन ओढत आणत होते. कामचुकार एकही नव्हता, हे आधीच सांगते.

"ॲड्रेनलिन द्या" (हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून द्यायचं इंजेक्शन) हे मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. कोणी कोणाला सांगितलं ते कळत नव्हतं. "गेलं का?" "हो, गेलं." कितवं गेलं, कोणी दिलं, हे कोणीच म्हणालं नाही. ट्यूब जाईना तेव्हा सर म्हणाले, "जरा थांब." आरएमओ थांबला आणि तोही मान वाकवून तोंडात बघायला लागला. मीही बघत होते. त्या खोलीत ट्यूबचा अनुभव सगळ्यात जास्त माझा, आणि मीसुद्धा छातीवर कोणाचे हात नाहीत हे विसरले होते.

भिंतीला टेकून नर्सिंगची एक विद्यार्थिनी उभी होती. नंतर हात धुताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, मघाशी चाळीस सेकंद कोणी दाबलंच नाही. मी घड्याळ बघत होते." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "सगळे मोठे होते."

पेशंट वाचला नाही. आजार पाहता नाहीतरी अवघडच होतं. पण नोंद लिहायला बसलो तेव्हा ॲड्रेनलिनचे किती डोस गेले हे नऊ जणांपैकी एकालाही सांगता येईना. शेवटी किडनी ट्रेमधल्या फोडलेल्या ॲम्प्यूल (औषधाच्या काचेच्या कुप्या) मोजल्या. सात निघाल्या. मग चादर काढताना त्यात दोन भरलेल्या सिरिंजा सापडल्या, लेबल नाही. त्यात ॲड्रेनलिन होतं की नुसतं सलाईन, कोण सांगणार?

मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा, थांबलंच तर १० सेकंदांच्या आत पुन्हा सुरू, ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर ३ ते ५ मिनिटांनी. हे त्या खोलीतल्या प्रत्येक डॉक्टरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. बिघडलं ते एकमेकांशी बोलण्यात. याला 'नॉन-टेक्निकल स्किल्स' म्हणतात. आमच्या शिक्षणात त्याचा एक तासही नव्हता. तुमच्याकडे काय करता? खरं खरं लिहा.

अबोली | ५ जुलै, सकाळी ७:१५

रातपाळी मॅडम, रात्रीच्या ड्यूटीवरून आले आणि हेच वाचलं. मी आयसीयूची इन्चार्ज सिस्टर. २४ वर्षं झाली.

तुमच्या खोलीत "सिस्टर" किती होत्या? तीन. मग "सिस्टर, ॲड्रेनलिन!" म्हटल्यावर कोणी भरायचं? एकतर तिघी भरतात, नाहीतर तिघींना वाटतं दुसरीने भरलं असेल. तुमच्या त्या दोन सिरिंजा अशाच आल्या असणार. आमचं नाव घ्या हो. छातीवर बिल्ला असतो तो त्यासाठीच. नाव माहीत नसेल तर नजरेला नजर द्या, बोट करा, "तुम्ही, निळा स्वेटर" म्हणा. राग येत नाही.

मी नवीन मुलींना पहिल्या आठवड्यात एकच शिकवते. ऑर्डर कानावर आली की ती मोठ्याने परत म्हणायची: "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, भरते." दिल्यावर पुन्हा: "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम, तिसरा डोस, गेला, दोन वाजून चार मिनिटं." लिहिणारीने हे ऐकून लिहायचं. सुरुवातीला मुली लाजतात, त्यांना शाळेत पाढे म्हटल्यासारखं वाटतं. महिन्याभरात सवय होते. आणि फोडलेली ॲम्प्यूल फेकायची नाही, सिरिंजला चिकटपट्टीने बांधून ठेवायची, ही माझी जुनी पद्धत. लेबल लिहायला वेळ नसतो तेव्हा तेच लेबल.

त्या विद्यार्थिनीला मात्र कोणी रागावू नका. तिला पुढच्या वेळी घड्याळ द्या आणि सगळ्यांसमोर सांगा की वेळ तू पुकारायची. काम म्हणून दिलं की आवाज फुटतो.

घाटमाथा | ५ जुलै, सकाळी १०:०२

मी डॉक्टर नाही, रेल्वेतला निवृत्त लोको पायलट. अबोलीताईंचं वाचून राहवलं नाही.

इंजिनात आम्ही दोघं, मी आणि माझा असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत म्हणायचं. हिरवा समोर ढळढळीत दिसत असला तरी. हात वर करून, बोट दाखवून. तीस वर्षांचा पायलट आणि सहा महिन्यांचा पोरगा असला तरी नियम तोच. तरुणपणी मलाही हे निरर्थक वाटायचं. मग एका पावसाळी पहाटे कसारा घाटाच्या अलीकडे माझी नजर गेजवर होती, मी सवयीने "हिरवा" म्हणालो आणि पोरगा म्हणाला, "नाही साहेब, पिवळा." पिवळाच होता. काही झालं नाही, गाडी वेळेत सावकाश झाली. पण त्याने ते म्हटलं, कारण म्हणणं ही त्याची ड्यूटी होती. त्याला धाडस करावं लागलं नाही.

तुमच्याकडे त्या मुलीला धाडस करावं लागणार होतं. फरक तेवढाच आहे असं मला वाटतं.

उंबरठा | ५ जुलै, दुपारी १:३०

लिहू की नको असं होत होतं. तीन वर्षांपूर्वी बाबांचा असाच कोड झाला. मी पडद्याबाहेर उभी होते. आत कोणीतरी ओरडत होतं, "चावी कुठंय सिलिंडरची, चावी!" मग भांडणाचे आवाज, मग कोणाला तरी हाकलल्यासारखं. शांतता झाली आणि डॉक्टर बाहेर आले.

ते सगळे बाबांसाठी धावत होते, हे मला मान्य आहे. पण अजून झोपेत ती चावी ऐकू येते. कोड म्हटला की आरडाओरडा होणारच का? शांतपणे होऊ शकतं?

टेम्सकाठी | ५ जुलै, संध्याकाळी ६:४८

उंबरठा ताई, होऊ शकतं. मी पाहिलेले चांगले कोड जवळजवळ कुजबुजीत झालेत. एकच आवाज मोठा, लीडरचा; तो खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभा राहतो, बाकीचे फक्त उत्तरं देतात.

मी पुण्यात एमबीबीएस करून इंग्लंडला आले, इथल्या सरकारी रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिनमध्ये आहे. इथे कोणत्याही रुग्णालयात २२२२ फिरवलं की टीमचे पेजर वाजतात. मला मोलाचं वाटतं ते त्याच्या आधीचं: शिफ्ट सुरू होताना त्या दिवशीची कोड टीम पाच मिनिटं एकत्र उभी राहते. नाव, काय येतं, काय येत नाही. "मी आज लीड करेन, तू एअरवे (श्वासमार्ग), तू ॲक्सेस (शिरेत सुई), तू पहिल्यांदा आलायस ना, मग तू दाबणाऱ्यांच्या रांगेत." रात्री तीनला भेटतो तेव्हा चेहरे ओळखीचे असतात.

यामागे एक गोष्ट आहे, इथल्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला ती ठाऊक असते. २००५ साली मार्टिन ब्रोमिली नावाच्या वैमानिकाची पत्नी एलेन सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग बंद झाला. ट्यूब जाईना, मास्कने ऑक्सिजन जाईना. खोलीत अनुभवी, नावाजलेले कन्सल्टंट होते. ते ट्यूबचाच प्रयत्न करत राहिले, वेळेचं भान सुटलं. एका नर्सने गळ्यातून मार्ग काढायचा सेट आणून "हा तयार आहे" असं सांगितलं. दुसरीने आयसीयूत खाट सांगून ठेवली. काय करायला हवं ते त्यांना कळलं होतं, पण ते डॉक्टरांच्या गळी कसं उतरवायचं ते कळेना. एलेन १३ दिवसांनी गेली. मार्टिनने शिक्षा मागितली नाही. तो म्हणाला, आमच्या क्षेत्रात अपघात झाला की आम्ही शिकतो, तुम्हीही शिका. २००७ मध्ये त्याने त्यासाठी संस्था उभी केली, क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप.

विमानवाल्यांनाही हे शिकायला किंमत मोजावी लागली. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं. डच कॅप्टन ज्येष्ठ, कंपनीतल्या वैमानिकांना शिकवणारा. फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं, समोरचं विमान धावपट्टीवरून हललं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, हललं. इंजिनियर पुढे बोलला नाही. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांसाठी टीमचं प्रशिक्षण सुरू झालं आणि स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबांनी ते भूलशास्त्रात आणलं.

ओरडण्याबद्दल: इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूतल्या २४ टीमवर प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. निम्म्या टीमला बाहेरच्या एका तज्ज्ञाने अपमानकारक वाक्यं ऐकवली. सराव बाहुलीवर होता. ज्यांना वाक्यं ऐकवली त्यांचं निदान कच्चं, हातातलं कामही कच्चं. ती माणसं एकमेकांना माहिती सांगायची आणि मदत मागायची कमी झाली होती. म्हणून "सिस्टर, अक्कल आहे का" हे वाक्य मी पेशंटच्या जिवावरचं मानते.

एकटाच_एमओ | ६ जुलै, रात्री १२:२०

सगळं पटलं, पण कोणाच्या गावातलं बोलताय? मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री मी, एक सिस्टर आणि एक शिपाई. लीडर पायथ्याशी हात मागे बांधून उभा राहिला तर छाती कोण दाबणार? अमेरिकेच्या पुस्तकात सहा जणांची टीम असते, चित्रासकट. आमच्याकडे सहा जण फक्त पंधरा ऑगस्टला दिसतात. तक्रार म्हणून लिहीत नाही. मला खरंच उत्तर हवंय.

रातपाळी | ६ जुलै, रात्री १०:५५

एमओ, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दिवसभर त्यावर विचार करत होते.

आधी "हात मागे" कुठून आलं ते सांगते. १९९९ साली ब्रिटनमध्ये कूपर आणि वेकलम यांनी रुग्णालयातल्या खऱ्या कोडचं चित्रीकरण करून पाहिलं. लीडर स्वतः सुई-ट्यूबमध्ये गुंतला की टीमची घडी विस्कटते, असं त्यांना दिसलं. आमच्या सरांचं तेच झालं. लॅरिंगोस्कोप (ट्यूब टाकताना घशात बघायचं उपकरण) हातात घेतला की जग त्या जिभेएवढं होतं. मी १७ वर्षं ते करते, मला माहीत आहे.

पण तिघांत ते शक्य नाही. मग मला वाटतं, डोकं रिकामं ठेवता येत नसेल तर तोंड तरी चालू ठेवायचं. तुम्ही दाबताय तर दाबता दाबता मोठ्याने बोला: "मी दाबतोय. सिस्टर, अँबू (हवा द्यायची पिशवी) तुमच्याकडे, तीस दाबून झाले की दोन श्वास. भाऊ, तुम्ही घड्याळ बघा, दोन मिनिटं झाली की ओरडा, मग माझ्या जागी तुम्ही." शिपायाला दाबायला शिकवलंय का? नसेल तर उद्याच शिकवा. इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सने २०१७ मध्ये भारतासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबायचा भाग वेगळा केलाय, तो याचसाठी. ट्यूबच्या मागे लागू नका. मास्कने छाती वर येत असेल तर ट्यूब थांबू शकते, छाती दाबणं आणि शॉक थांबू शकत नाही. भूलतज्ज्ञ असून सांगते.

आणि हे शिकवून येतं. स्वित्झर्लंडमध्ये हुन्झिकर आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला हात कुठे ठेवायचे, खांदे कसे धरायचे ते समजावलं. दुसऱ्याला एवढंच: काय करायचं ते ठरवा, कोणी करायचं ते सांगा, छोट्या आज्ञा द्या, झालं का ते बघा. काही महिन्यांनी पुन्हा सराव घेतला. दुसऱ्या गटाने सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) लवकर सुरू केला आणि त्यांचे हात छातीवर जास्त वेळ होते. पहिल्या गटाचे खांदे जास्त बरोबर होते, हेही खरं. मला दोन्ही हवंय, पण वेळ थोडाच असेल तर आधी काय शिकवायचं ते माझं ठरलंय.

अबोली | ७ जुलै, दुपारी ३:४०

मॅडम, आता अवघड भागाबद्दल लिहिते. साहेबांना चुकतंय हे कसं सांगायचं?

माझ्या पहिल्या नोकरीत एकदा ट्यूब पोटात गेलेली मला दिसत होती. पोट फुगत होतं, छाती हलत नव्हती. मी म्हणाले, "सर, जरा बघता का?" सर म्हणाले, "बघतोय." मी गप्प बसले. ते बघतच होते की! माझ्या वाक्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. आपल्याकडे मोठ्या माणसाला सांगायचं म्हणजे आपण वाक्य इतकं मऊ करतो की त्यात हाडच उरत नाही.

आता मी आकडा बोलते, रक्तातल्या ऑक्सिजनचा. "सर, सॅच्युरेशन बहात्तर." ऐकलं नाही तर पुन्हा, जवळ जाऊन, "सर, बहात्तर, खाली येतंय. कॅप्नोची रेघ सपाट आहे." कॅप्नो (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) असेल तर हे वाक्य पुरतं, कारण छाती नीट दाबली जात असेल तर हृदय थांबलेलं असतानाही थोडा तरी कार्बन डायऑक्साइड दिसतो. सपाट रेघ म्हणजे ट्यूब चुकीच्या जागी, असंच आधी धरायचं. तरीही थांबले नाहीत तर शेवटचं: "सर, पेशंटला धोका आहे. ट्यूब काढा, मास्कने देते." 'सर' तसंच ठेवायचं, 'तुम्ही'ही तसंच. मान देऊन सांगता येतं. फक्त प्रश्नचिन्ह काढायचं.

टेम्सकाठी | ७ जुलै, रात्री ९:१०

अबोली ताई, अगदी हेच इथे पायऱ्यांनी शिकवतात. पण बहात्तरचं उदाहरण मी आमच्या वर्गात सांगणार, हरकत नाही ना?

लीडरच्या बाजूनेही एक सांगते. दर दोन मिनिटांनी, पल्स बघून झाली की मी मोठ्याने सगळं म्हणते: "चार मिनिटं झाली, एक शॉक, ॲड्रेनलिन एकदा, रिदम अजून व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर). पोटॅशियम तपासायला पाठवलंय. माझं काही राहतंय का? कोणाला काही दिसतंय का?" आणि मग एक श्वास थांबते. तो श्वास खरंच थांबायचा. त्याच क्षणी कोपऱ्यातला एखादा म्हणतो, "डायलिसिस चुकलं होतं याचं."

उंबरठा | ७ जुलै, रात्री ११:०५

तुम्ही सगळे हे एवढं मनावर घेता हे माहीत नव्हतं. नातेवाइकांना कोणी सांगत का नाही? बाहेर एक माणूस आला असता आणि म्हणाला असता, "हृदय थांबलंय, आम्ही प्रयत्न करतोय, दहा मिनिटांत परत सांगतो", तरी पुरलं असतं.

रातपाळी | २६ जुलै, रात्री १०:२०

उशिरा लिहिते आहे, पण रिकामी बसले नव्हते.

त्या रात्रीच्या नऊ जणांपैकी सात जणांना चहाला बोलावलं. पहिलं वाक्य मी बोलले: छातीवर हात नव्हते हे मला दिसलं नाही. मग सर बोलले, "मी थांब म्हणालो आणि पुन्हा सुरू कर म्हणायचं विसरलो." त्यानंतर सगळेच बोलले. वीस मिनिटं ठरवली होती, सव्वा तास झाला.

काल दुपारी न सांगता मॉक ड्रिल घेतलं. बाहुली, तोच तिसरा मजला. नावाने हाका जमल्या. डोस मोठ्याने पुकारणं अर्धंमुर्धं जमलं, दोन सिस्टर पुकारताना हसल्या आणि मग सावरल्या. सिरिंजला ॲम्प्यूल बांधायची अबोलीताईंची युक्ती पहिल्याच वेळी सगळ्यांनी उचलली. सिलिंडरची चावी आता दोरीने सिलिंडरलाच बांधली आहे, उंबरठा ताई. आणि कोड लागला की सुपरवायझर सिस्टरने नातेवाइकांपाशी थांबायचं हे ड्यूटी-यादीत लिहून घेतलंय.

जमलं नाही ते असं: पाचव्या मिनिटाला सर उशाकडे सरकले आणि त्यांचा हात लॅरिंगोस्कोपकडे गेला. घड्याळ त्या विद्यार्थिनीकडे होतं. ती म्हणाली, "सर, आठ सेकंद." आवाज कापत होता. सरांनी हात मागे घेतला, पायथ्याशी गेले आणि म्हणाले, "दाबा."

तिची इथली पोस्टिंग पुढच्या महिन्यात संपते. घड्याळ पुढे कोणाकडे द्यायचं, ते सोमवारी ठरवतोय. मावशींचं नाव सुचलंय. अबोली ताई, तुमच्याकडे मावशींना कधी दिलंय का? त्यांना वेळ पुकारायला काय शब्द शिकवलेत, तेवढं लिहा.